रायकरने 'फायर' म्हटले आणि आम्ही चौदा आठवडे थांबलो : तुमचेही अनुभव लिहा

आज आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यामुळे सकाळचा चहा हातात घेऊन 'स्टार ट्रेक : पिकार्ड' या अंतराळातल्या विज्ञानकथा मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा नववा भाग पाहिला. ज्यांचा पाहायचा राहिला असेल त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढे सगळे फोडले आहे. शेवटच्या काही मिनिटांत अभियंता जॉर्डी सर्वांना हँगरमध्ये नेतो, समोर त्यांचे जुने अंतराळजहाज एंटरप्राइझ-डी उभे असते आणि ब्रिजवर संगणकाचा तोच ओळखीचा बायकी आवाज ऐकू येतो. मेजल बॅरेट २००८ साली गेल्या आणि हा त्यांचा जुना आवाज आहे हे ठाऊक असूनही माझा चहा गार झाला.

१९९० च्या जूनमध्ये मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात शिकत होते. आम्ही चौघी मराठी मुली एका घरात राहत होतो आणि जुन्या बाजारातून आणलेल्या टीव्हीच्या अँटेनाला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून चित्र स्थिर करत होतो. याच मंडळींच्या जुन्या मालिकेच्या, 'नेक्स्ट जनरेशन'च्या, तिसऱ्या सीझनचा तो शेवटचा भाग होता. बोर्ग म्हणजे माणसांना पकडून आपल्यासारखे अर्धयंत्र करणारे शत्रू; त्यांनी पळवून नेलेला जहाजाचा कप्तान पिकार्ड स्वतःला लोक्युटस म्हणवत पडद्यावर येतो, त्याच्या हाताखालचा अधिकारी रायकर त्याच्याकडे पाहतो, शस्त्रे सांभाळणाऱ्या वॉर्फला 'फायर' अशी आज्ञा देतो आणि 'पुढील भागी' अशा अर्थाची अक्षरे उमटतात. घरात कोणी बोलेना. पिठले पातेल्याला लागल्याचा वास आला तेव्हा आम्ही भानावर आलो.

पुढचा भाग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागणार होता. पिकार्डचे काम करणारे पॅट्रिक स्ट्युअर्ट मालिका सोडणार अशी वदंता होती, त्यामुळे पिकार्ड मरणार यावर आमच्यातल्या दोघींनी दहा-दहा डॉलरची पैज लावली. चौथी मैत्रीण ऑगस्टमध्येच कायमची पुण्याला परतली आणि विमानतळावर तिने माझ्याकडून वचन घेतले की काय होईल ते मी पत्राने कळवीन. मी एअरोग्राम पाठवलाही. त्याचे काय झाले ते नंतर सांगते, कारण कुकरची दुसरी शिट्टी झाली आहे. तोवर तुम्ही कोणत्या भागासाठी असे ताटकळलात ते लिहा.

कृष्णधवल

आमचे ताटकळणे याच्याही आधीचे आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कर्क आणि स्पॉकची मूळ मालिका लागत असे, आणि आमच्या वाड्यात टीव्ही एकच असल्यामुळे अंघोळ न करता आलेल्या मुलांना मालकीणबाई दारातूनच परत पाठवत. पुढे अनेक वर्षांनी 'लाल सदऱ्यातला माणूस गेलाच म्हणून समजा' हा विनोद ऐकला तेव्हा मला त्यात काय हसायचे ते कळले नाही. आमचा टीव्ही कृष्णधवल होता. कर्कचा पिवळा, मॅकॉयचा निळा आणि मरणाऱ्याचा लाल, हे सारे सदरे मी लहानपणभर राखाडीच पाहिले आणि प्रत्येकाच्या जिवाची सारखीच काळजी केली.

माजघर

कृष्णधवल, तुमचे शेवटचे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. मात्र धागाकर्त्या ताईंवर माझा थोडा राग आहे. तुम्ही सूचना दिली होती हे मान्य, परंतु शीर्षकावर बोट लागले की डोळे सरळ तिसऱ्या ओळीवर जातात. आम्ही हा भाग रात्री मुलांसह पाहणार होतो.

उंटावरचा

माजघर, १९९० मध्ये यावर उत्तम तोडगा होता. विद्यापीठातल्या संगणकांवर यूजनेट हे चर्चागटांचे जाळे होते, तिथे 'रेक डॉट आर्ट्स डॉट स्टारट्रेक' नावाचा गट होता आणि कथेचा शेवट लिहिणारा सज्जन माणूस मजकूर रॉट-१३ या सांकेतिक लिपीत लिहीत असे. त्यात प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरे पुढे सरकते, म्हणजे 'ए'च्या जागी 'एन' येतो आणि तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत मिळतो. वाचायचे की नाही हा निर्णय वाचकाचा असे. मालिका प्रत्येक शहरातल्या स्थानिक वाहिनीला स्वतंत्रपणे विकलेली असल्यामुळे कोणाकडे ती शनिवारी लागे तर कोणाकडे आठवड्यात मधेच, आणि म्हणून ही खबरदारी आवश्यकच होती. त्या चौदा आठवड्यांत आम्ही बोर्गांना हरवण्याच्या इतक्या युक्त्या लिहून काढल्या की प्रबंधाचे एक प्रकरण मागे पडले. पहिला भाग लिहिताना दुसऱ्यात काय घडणार हे लेखक मायकेल पिलर यांनाही ठाऊक नव्हते, हे पुढे वाचले तेव्हा फार बरे वाटले.

मी सप्टेंबरचा भाग कॅसेटवर उतरवून ठाण्याला धाकट्या भावाला पाठवला होता. अमेरिकेची कॅसेट एनटीएससी आणि आपल्याकडचा व्हीसीआर पाल पद्धतीचा, त्यामुळे त्याच्या पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धावल्या. मल्टिसिस्टिम व्हीसीआर असलेला गृहस्थ त्याला डोंबिवलीत सापडला, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती.

आकाशदर्शी

दुसऱ्या भागात ज्या ठिकाणी ताफ्यातली ३९ जहाजे नष्ट होतात ते वुल्फ ३५९ हे नाव काल्पनिक नाही, एवढे सांगण्यासाठी लिहितो. तो सिंह राशीतला लाल बटुतारा आहे आणि आपल्यापासून सुमारे ७.९ प्रकाशवर्षे दूर आहे. सध्या रात्री नऊच्या सुमारास सिंह राशी जवळजवळ डोक्यावर असते, परंतु याची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिकट) सुमारे १३.५ असल्यामुळे साध्या दुर्बिणीतून तो दिसत नाही. मी एकदा वांगणीजवळ मित्राच्या मोठ्या दुर्बिणीतून तो शोधला होता. एक अगदी फिकट ठिपका दिसला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी 'यासाठी एवढ्या लांब आलात?' असे विचारले. कोणाला यायचे असल्यास अमावस्या पुढच्या गुरुवारी आहे.

माजघर

आकाशदर्शी, लहान मुलांना आणले तर चालेल का? आणि तिथे स्वच्छतागृहाची सोय असते का?

अर्धविराम

सर्वांच्या आनंदात मिठाचा खडा टाकतो. जुने जहाज पाहून माझेही डोळे भरले, परंतु बोर्ग पुन्हा आणले हे मला पटले नाही. ज्या कथेचा धाक ती अनपेक्षित असण्यात होता, तिच्याकडे दर काही वर्षांनी परत जाणे म्हणजे उतू गेलेले दूध पुन्हा गॅसवर ठेवणे होय. शिवाय शेल्बीला त्यांनी ज्या घाईने मारले त्याचा मला खरोखर राग आला. १९९० मध्ये रायकरच्या तोंडावर 'तुम्ही माझ्या वाटेत उभे आहात' असे सुनावणारी ती अधिकारी ३३ वर्षांनी अॅडमिरल होऊन परतते आणि दोन मिनिटांत आपल्याच ब्रिजवर गोळी खाते. तिला निदान एक भांडण तरी द्यायला हवे होते.

दुपारची झोप

अर्धविराम, शेल्बीबाबत पूर्ण सहमत आहे, दुधाबाबत नाही. आमच्या घरी तर वेगळाच प्रसंग घडला. माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टर यंत्रातून पेरलेल्या जनुकांमुळे पंचविशीच्या आतले सगळे बोर्ग होतात आणि वडीलधारे जीव मुठीत धरून पळतात, हे पाहताना माझी सतरा वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही मला गोळी घालणार की पळून जाणार, ते आत्ताच सांगा." मी पळून जाईन असे म्हटले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही आणि जेवायलाही आईच्या शेजारी बसली.

धागाकर्ती

माजघर, क्षमस्व. पुढच्या वेळी शीर्षक रॉट-१३ मध्ये लिहीन.

आता एअरोग्रामचे सांगते. त्यात मी मराठीत एवढेच लिहिले होते की पिकार्ड वाचला, डेटाने बोर्गांना झोपण्याची आज्ञा दिली म्हणून सगळे निभावले, मात्र पिकार्ड अजून पुरता सावरलेला नाही आणि विश्रांतीसाठी फ्रान्सला भावाकडे गेला आहे. (डेटा हा जहाजावरचा यंत्रमानव, पण ते मी लिहिले नव्हते.) मैत्रिणीला आज दुपारी फोन केला तेव्हा ती म्हणाली की ते पत्र तिच्या आधी तिच्या वडिलांच्या हाती पडले होते. पिकार्ड हे आमचे गाइड असावेत, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि ती ऑफिसातून आल्यावर तिला विचारले, "त्यांचे ऑपरेशन कोणी केले? तो डॉक्टर डेटा बंगाली आहे का?"