मदत हवी आहे: ४५४ इंजिनाचं तेल खाडीत गार, समुद्रात तापतं. कूलर मोठा घेऊ की थर्मोस्टॅट बसवू?

देवबागचा मेकॅनिक

नमस्कार मंडळी. माझं आउटबोर्ड दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे, पण यंदा एका मित्राने गोव्याहून जुनी २६ फुटी स्पीडबोट आणली आणि तिचं काम माझ्याकडे आलं. इंजिन ४५४ बिग ब्लॉक (४५४ घन इंचांचं मोठं व्ही-८), पेट्रोल, कार्ब्युरेटरचं. आधीच्या मालकाने कॅम बदललाय, कॉम्प्रेशन वाढवलंय. कूलिंग थेट समुद्राच्या पाण्यावर, वेगळं कूलंट गार करणारा हीट एक्स्चेंजर नाही.

कर्लीच्या खाडीत १५००-१८०० आरपीएमवर अर्धा तास फिरवली तरी पाणी ४० अंशांच्या वर जात नाही आणि तेल ५८ वर थांबतं. पण बाहेर समुद्रात ४८०० वर दहा-बारा मिनिटं ठेवली की तेल १२७ पर्यंत चढतं आणि तेलाचं प्रेशर ३६ पीएसआयवर येतं. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा हिशोब लावला तर हे कमीच आहे.

पाण्याचा थर्मोस्टॅट उघडून बघितला, तर आत काहीच नाही! कुणीतरी काढून टाकलाय. डिपस्टिकवर दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर येतो. तेल दोन बोटांत घासलं की पेट्रोलचा वास येतो.

मित्र म्हणतो तेलाचा सरळ मोठा कूलर लावू. रत्नागिरीच्या एकाने गाडीचा हवेवरचा कूलर बसवायला सांगितलं. इंजिन बॉक्समध्ये वारा कुठून येणार, म्हणून ते मी सोडून दिलं. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. कूलर मोठा घ्यावा का? पाण्याचा थर्मोस्टॅट किती अंशांचा घ्यावा? आणि तेलाला वेगळा थर्मोस्टॅट लागतो का? माणसं बसणार आहेत बोटीत, भर समुद्रात इंजिन जाम झालेलं मला चालणार नाही.

जुना फिटर

दादा, आधी एक सांगा. तेलाचा सेन्सर चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) आहे की कूलरमधून परत येणाऱ्या पाइपवर? परतीच्या पाइपवर असेल तर चेंबरमधलं तेल १२७ पेक्षाही गरम असणार.

कूलर विकत घेऊ नका अजून. आहे त्याचं पाण्याकडचं तोंड उघडा. बारीक नळ्यांचा जुडगा दिसेल. इंपेलरची (पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्राची) पाती तुटली की तुकडे तिथेच जाऊन अडकतात. शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, सगळं तिथेच. तिसरा हिस्सा नळ्या बंद झाल्या तरी खाडीत काही कळत नाही, फुल थ्रॉटलला कळतं.

कूलर काढलाच आहे तर तेलाच्या बाजूला हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवून बघा. इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून नळी फुटली की तेल समुद्रात जातं. इंजिन बंद झाल्यावर मात्र पाणी तेलात यायला वाट मिळते. तुमचा दुधाळ थर नुसत्या गारठ्याचा आहे की गळतीचा, हे नक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि तेलात धातूचा चुरा दिसला, म्हणजे बेअरिंग गेलंय असं वाटलं, तर तो कूलर धुऊन परत लावायचा नाही. आतला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि नव्या इंजिनात उतरतो.

आखातातला मराठी

मी दुबईत बोटींवरच काम करतो. इथे उन्हाळ्यात समुद्राचं पाणीच ३२ अंशांच्या वर असतं, त्यामुळे हा विषय रोजचा.

भाऊ, पाण्याचा थर्मोस्टॅट ६० ते ६२ अंशांचाच घ्या. ७१ चा घेऊ नका. तो बंद कूलिंगवाल्या, कूलंट भरलेल्या इंजिनांसाठी. खारं पाणी ६५-७० च्या वर गेलं की त्यातले क्षार ब्लॉकच्या आत चिकटायला लागतात आणि दोन-तीन मोसमांत वाटा बुजतात.

पण नुसत्या पाण्याच्या थर्मोस्टॅटने तेल गरम होईल असं धरू नका. तुमच्या बोटीत समुद्राचं पाणी पंपातून आधी तेलाच्या कूलरमध्ये जात असेल, मग इंजिनात. म्हणजे थर्मोस्टॅट कूलरच्या पुढे आहे. तो बंद असला तरी कूलरमधून गार पाणी वाहतंच आणि जास्तीचं एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. म्हणून तेलाला स्वतःचा थर्मोस्टॅट हवा, ८०-८२ अंशांना उघडणारा, बायपासचा. तेल गार असताना तो बहुतेक तेल कूलरला न पाठवता परत वळवतो, थोडंसं मात्र कूलरमधून जातच राहतं, त्यामुळे तिथे हवा साठत नाही. तेल ८५ ते ११० मध्ये राहिलं पाहिजे. ८० च्या खाली सतत राहिलं तर त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. तुमच्या बोटांना आलेला वास तोच.

पाइपही बघा. अर्ध्या इंचाचे आणि चार एल्बो असतील तर कूलर कितीही मोठा आणा, उपयोग कमी. किमान १० नंबर, म्हणजे ५/८ इंच आतून. जेसीबीचे होज बनवणारा क्रिम्प करून देईल, पण साधा हायड्रॉलिक होज १०० अंशांपर्यंतचाच असतो, जास्त तापमानाचा मागून घ्या. अर्ध्या इंचाच्या एनपीटी (अमेरिकन) आणि बीएसपी (ब्रिटिश) आट्यांच्या फिटिंगला इंचात १४च आटे असतात, दोन फेऱ्या बसतातही, पण आट्यांचा कोन वेगळा असल्याने तेल गळतं. कूलरवर काय कोरलंय ते वाचूनच फिटिंग आणा.

देवबागचा मेकॅनिक

तुमचे दोघांचे खूप आभार. काल कूलर उतरवला. तोंड उघडल्यावर पहिल्यांदा दिसलं ते इंपेलरचं अख्खं पातं, आडवं अडकलेलं, आणि त्यामागे शिंपल्यांचा चुरा. मोजलं तर १९ नळ्या पूर्ण बंद होत्या. नायलॉन ब्रशने साफ केला, बादलीत तपासला, एक बुडबुडा नाही. तेल गाळून पाहिलं, चुरा नाही. सेन्सर चेंबरमध्येच आहे. झिंकची कांडी (कूलरऐवजी स्वतः गंजणारी) मात्र खाऊन बोटाच्या पेराएवढी उरली होती, ती नवी घातली.

आज नवं तेल आणि ६० चा थर्मोस्टॅट घालून समुद्रात नेली. ४७०० वर पंधरा मिनिटं, तेल ११२, प्रेशर ४९. म्हणजे कूलर पुरेसा आहे, नवा घेत नाही. परत येताना खाडीत तेल ६९ वर आलं, तेव्हा बायपास थर्मोस्टॅट लागणारच.

आता एकच अडलंय. थर्मोस्टॅट तेलाच्या फिल्टरच्या आणि ब्लॉकच्या मध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटमध्ये बसवू की पाइपच्या मध्ये वेगळा लावू? सँडविच प्लेटने फिल्टर दीडेक इंच खाली येतो आणि स्ट्रिंगरला (बोटीच्या तळाच्या लांब तुळईला) घासेल असं वाटतंय. फिल्टर बाजूच्या भिंतीवर हलवायचा तर पाइप आणखी वाढतात. ज्यांनी बिग ब्लॉकवर हे केलंय त्यांनी कृपया फिल्टरच्या जागेचं माप सांगा, शनिवारी गोव्याला सामान आणायला जातोय.