ऑक्टोबर सरला म्हणजे सुटका नव्हे

ऑक्टोबर सरला की टायफूनचा, म्हणजे वायव्य पॅसिफिकातल्या चक्रीवादळांचा, हंगाम आटोपतो, असं एकाने लिहिलंय. तसं नाही हो. तिथे वादळं बाराही महिने होतात. जुलै ते ऑक्टोबर जोर जास्त, इतकंच. २०२४च्या नोव्हेंबरात यिन्शिंग, तोराजी, उसागी आणि मान-यी अशी चार वादळं एकाच वेळी घोंघावत होती. जपानच्या हवामान खात्याच्या १९५१पासूनच्या नोंदींत नोव्हेंबरमध्ये हे पहिल्यांदाच दिसलं. फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या लुझोन बेटावरच्या लोकांना घराचे पत्रे ठोकायलाही उसंत मिळाली नसेल.

आणि फिलिपिन्सला झोडपणारं हैयान वादळही नोव्हेंबरातलंच, ८ तारीख, २०१३. सहा हजारांवर माणसं गेली. तिथल्या टॅक्लोबान शहरात घात केला तो मुख्यतः आत घुसलेल्या समुद्राने. इशारा दिला होता, पण ‘स्टॉर्म सर्ज’ म्हणजे काय (वादळाने किनाऱ्यावर लोटलेलं समुद्राचं पाणी) हेच अनेकांना उमगलं नाही. ‘त्सुनामी म्हणाले असते तर पळालो असतो’, असं वाचलेले लोक नंतर सांगत होते. मला तरी वाऱ्याच्या वेगाच्या आकड्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

जाता जाता: फिलिपिन्स आपल्या हद्दीत आलेल्या वादळाला स्वतःचं नाव देतं. हैयान तिथे योलांडा, मान-यी तिथे पेपितो. बातम्या शोधताना दोन्ही नावं टाका.