क्वार्टर स्केल पायपर कब: २०, ३० की ५५ सीसी?

पंखवेडा_पुणे:
दोन वर्षं गॅलरीत बसून प्लॅनवरून कब बांधलाय, म्हणजे खऱ्या पायपर जे-३ कब विमानाचं एक चतुर्थांश आकाराचं, रिमोटने उडवायचं मॉडेल. पंखांची लांबी १०६ इंच. सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी), चाकं, कापड सगळं धरून ६ किलो भरतोय, आता फक्त इंजिन राहिलंय. एक मित्र त्याचं जुनं २० सीसी पेट्रोल इंजिन स्वस्तात देतोय. दुकानदार म्हणाला, "एवढ्या मोठ्या विमानाला ५५च घ्या, ताकद कधी वाया जात नाही." याआधी १० सीसीचा ग्लो ट्रेनर (ग्लो इंजिनाचं शिकाऊ मॉडेल) उडवलाय, तेवढाच अनुभव. बजेट एकदाच फोडता येईल. काय घेऊ?

तेलकट_हात:
दुकानदाराचं सोड. ताकद वाया जात नाही, विमान वाया जातं. खऱ्या जे-३ कबला ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं आणि तो रमतगमतच उडायचा. तुला त्याला हेलिकॉप्टरसारखा नाकावर टांगायचाय का? नाही ना? मग वजनाच्या निम्मा ओढा मिळाला तरी कब मजेत उडतो. २० सीसीवर १६ बाय ८ चा प्रॉप (१६ इंच व्यासाचा पंखा, ८ इंच पिच) साधारण ५-६ किलो ओढतो. म्हणजे नुसत्या ताकदीचा हिशोब केला तर मित्राचं इंजिनही पुरेल.

पण कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. माझ्या पहिल्या कबवर मी २० सीसीच बसवलं होतं. तोल जमेना, शेवटी फायरवॉलला (नाकातली इंजिन बसवायची फळी) ६०० ग्रॅम शिसं ठोकलं. ते शिसं मी तीन वर्षं फुकट उडवत होतो. वजन वाहायचंच आहे तर ते इंजिनाचं तरी असू दे.

पैसे देण्याआधी एवढं कर. पंख जोड, बॅटऱ्या जागेवर ठेव, टाकी रिकामी. फायरवॉलला पट्टी बांधून ती चार बोटं पुढे काढ आणि तिला तूरडाळीची पिशवी टांग. पंखाच्या पुढच्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर दोन बोटांनी उचल. विमान सपाट राहीपर्यंत डाळ वाढवत जा. जितकी डाळ लागेल, तितक्या वजनाचं इंजिन घे. सायलेन्सर, इग्निशन (ठिणगी देणारा डबा), त्याची बॅटरी आणि प्रॉप त्यातच धरायचे.

माळावरचा_वारा:
सहमत. भर एवढीच, की पुणे ५६० मीटरवर आहे, तिथे पाच-सहा टक्के ताकद कमीच मिळते. पाचगणीच्या पठारावर नेलास तर बाराएक टक्के. तिथे २० सीसीच्या हाताशी ताकद कमीच उरते. आणि शेपूट उचलून, विमान सपाट धरून शाफ्टपासून (प्रॉप जिथे बसतो तो दांडा) जमिनीपर्यंत मोज. ५५ला २२-२३ इंची प्रॉप लागतो.

इग्निशनचा डबा रिसीव्हरपासून (रिमोटचे सिग्नल घेणारा डबा) निदान एक फूट लांब ठेव, बॅटरी वेगळी दे. मी दोन्ही शेजारी चिकटवले होते. इंजिन सुरू केलं की एलेरॉन (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) थरथरायचे, आणि मी आठवडाभर सर्व्होला शिव्या घालत होतो.

पंखवेडा_पुणे:
केलं. एक किलो डाळीला शेपूट खालीच. दीड किलोला अगदी सपाट. आईने डाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.

शाफ्टची उंची १२ इंच भरली. २३ इंची प्रॉप लावला तर खाली अर्धा इंच उरतो, म्हणजे पहिल्याच ढेकळाला प्रॉप गेला. ५५ बाद. ३० सीसीचं सगळं सामान मिळून दीड किलोच्या आसपास येतंय, १८ बाय ८ ला खाली तीन इंच मोकळे. ३० ठरलं. मित्राला नाही म्हणून कळवलं.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण सुरुवातीला ३०:१ ठेवू ना?

तेलकट_हात:
हो. लिटरला ३३ मिली, चांगलं टू-स्ट्रोक तेल. दिवस संपला की टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने माझा एक डायफ्रॅम (कार्ब्युरेटरमधला लवचिक पडदा) पापडासारखा कडक केलाय. आणि पहिल्यांदा सुरू करताना शेपूट धरायला माणूस हवा, दोरी नको.

पंखवेडा_पुणे:
भाऊ येतोय शेपूट धरायला.