शेती अवजारांच्या व्हिडिओखाली ॲफिलिएट लिंक देताना कोणते नियम पाळावेत?

काळीमाती (जि. परभणी)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी परभणीजवळच्या आमच्या गावातून शेती अवजारांचे व्हिडिओ करते. घरी सोयाबीन आणि कापूस आहे, त्यामुळे बॅटरीवरचे फवारणी पंप, ताडपत्री, ठिबकचे फिल्टर, सायकल कोळपे हेच माझे विषय असतात. वस्तू आधी आमच्या रानात वापरते, मग तिच्याविषयी बोलते आणि व्हिडिओखाली खरेदीची ॲफिलिएट लिंक देते, म्हणजे तिच्यावरून कुणी वस्तू घेतली की दुकान मला कमिशन देते. महिन्याकाठी दोन-अडीच हजार रुपये कमिशन मिळते.

मागच्या आठवड्यात एका शेतकरी दादांनी खाली विचारले, “ताई, पंप चांगला आहे म्हणून सांगताय, का कमिशन मिळतं म्हणून?” मी जरा तोऱ्यातच उत्तर दिले, की खाली सगळे लिहिलेले आहे. नंतर यजमानांच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ उघडून पाहिला. वर्णन उलगडायला एकदा बोट दाबावे लागले, दोनदा पडदा वर सरकवावा लागला, सतरा हॅशटॅग ओलांडावे लागले, तेव्हा कुठे ते एक वाक्य दिसले. तेही इंग्रजीत आणि दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओखालून उचललेले. फार ओशाळल्यासारखे झाले.

त्यातच एका अवजार कंपनीने साधारण २४ हजार रुपयांचा पॉवर वीडर (तण काढायचे यंत्र) कायमचा देऊ केला आहे. अट अशी, की तो फुकट मिळाला असे व्हिडिओत म्हणायचे नाही.

तरी अनुभवी मंडळींनी सांगावे, की कमिशनचा उल्लेख कुठे आणि कोणत्या शब्दांत करावा, वीडर घ्यावा किंवा कसे, आणि आधीच्या साठेक व्हिडिओंचे काय करावे.

मोंढानाका (छत्रपती संभाजीनगर)

ताई, त्या दादांचा राग मानू नका. मोंढ्यावर माल नेणाऱ्या शेतकऱ्याला अडत्याची अडत ठाऊक असते, ती हिशेबपट्टीवर मांडलेली असते, आणि तरीही तो वर्षानुवर्षे त्याच अडत्याकडे जातो. तुमच्या प्रेक्षकाच्या हातात मात्र पट्टीच नसते. ती त्याला माल घेण्याआधी दिसावी, एवढ्यासाठीच हे सगळे नियम केलेले आहेत.

आपल्याकडे यासंबंधी दोन ठिकाणचे नियम पाहावे लागतात. जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, हिची समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीची (इन्फ्लुएन्सरसाठीची) मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. ही परिषद जाहिरात क्षेत्राने स्वतःच उभी केलेली आहे. कायद्याचे बळ आहे ते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ९ जून २०२२ रोजी निघाली, आणि शिफारस करणाऱ्यांनी काय सांगावे याची सोप्या भाषेतली पुस्तिका केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढली. ही पुस्तिका छोटी आहे, ती मुळातूनच वाचावी असे मी सुचवेन.

त्यात सांगितलेला मुद्दा असा, की कंपनीशी असलेल्या ज्या संबंधामुळे तुमच्या शब्दाचे वजन कमी-जास्त होऊ शकते, तो संबंध उघड करायचा. त्यात रोख पैसे आले, फुकटची किंवा सवलतीत मिळालेली वस्तू आली, भेटी, सहली, मुक्काम आले, इतकेच काय, त्या कंपनीत घरचे माणूस नोकरीला असेल तर तेही आले. ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत हे सांगायचे, हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या गर्दीत ते दडवायचे नाही, आणि व्हिडिओ असेल तर ते दिसायलाही हवे आणि ऐकूही यायला हवे. थेट प्रक्षेपण करत असाल तर उल्लेख संपूर्ण वेळ पडद्यावर ठेवावा लागतो. तुमचे सतरा हॅशटॅगखालचे इंग्रजी वाक्य यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही.

पडद्यावर हा उल्लेख किती वेळ दिसावा याचे माप आस्कीने दिलेले आहे. व्हिडिओ १५ सेकंदांचा किंवा त्याहून लहान असेल तर किमान ३ सेकंद. १५ सेकंदांहून मोठा पण २ मिनिटांहून लहान असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश. आणि २ मिनिटे किंवा अधिक असेल तर ज्या भागात त्या वस्तूविषयी बोलत आहात तो संपूर्ण भाग. तुमचे दहा मिनिटांचे व्हिडिओ शेवटच्या प्रकारात मोडतात. यूट्यूबवर ‘सशुल्क प्रचार’ अशी खूण करण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी, परंतु तेवढ्यावर भागले असे समजू नये.

शब्द मी असे वापरतो: “खालच्या लिंकवरून आपण हा पंप घेतलात तर दुकानाकडून मला कमिशन मिळते.” व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात हे बोलून टाकतो आणि वर्णनातही पहिल्याच ओळीत, लिंकच्या आधी, लिहितो. ‘सहकार्याने’ असा गुळगुळीत शब्द एकटा वापरला तर आपल्या रानातल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

गेवराईकर (जि. बीड)

हे सगळे कागदावर ठीक आहे, पण मोठमोठे लोक बिनदिक्कत जाहिराती करत असताना पाच-सात हजार सदस्यांच्या चॅनलला कोण विचारणार आहे? शिवाय कमिशनचे नाव काढले की लोक लिंक सोडून थेट दुकानात जातात, हा माझा अनुभव आहे.

मोंढानाका

जाऊ देत की, दुकानात पंप हातात घेऊन पाहिला तर त्यांचे भलेच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत, पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड आणि शिफारस करण्यावर आधी एक वर्षापर्यंत, मग तीन वर्षांपर्यंत बंदी अशी तरतूद आहे, आणि तीत चॅनलच्या आकाराची सूट मला कुठे आढळली नाही. दाव्याची रीतसर खातरजमा केली असेल तर शिफारस करणाऱ्याला दंडातून सूट मिळते. म्हणून ताई वस्तू आधी रानात वापरतात ही सवय मोलाची आहे. वापराच्या तारखा आणि फोटो मात्र जपून ठेवावेत.

ज्या दुकानाचा ॲफिलिएट कार्यक्रम आहे त्याच्या अटी वेगळ्या, त्यांचाही विसर पडू देऊ नका. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या कार्यक्रमात आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी केलेल्या खरेदीवर कमिशन मिळत नाही. “माझ्या लिंकवरून घ्या, पन्नास रुपये परत देतो” असे आमिष दाखवता येत नाही, ग्राहकांचे अभिप्राय आणि तारे उचलून आपल्या पानावर लावता येत नाहीत, छापील पत्रकात लिंक चालत नाही, आणि ज्या संकेतस्थळांची व खात्यांची नोंद केलेली आहे तेवढ्यावरच ती द्यायची असते. आपण सहभागी आहोत आणि पात्र खरेदीवर आपल्याला उत्पन्न मिळते, असे ठरावीक वाक्यही त्यांना हवे असते. व्हिडिओत किंमत सांगण्याचा मोह टाळावा, कारण ती उद्या बदलते आणि खोटे मात्र आपण ठरतो.

हिशेबनीस (लातूर)

वीडरविषयी कराच्या अंगाने सांगतो. १ जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या ओघात वर्षभरात २० हजारांहून अधिक किमतीचा लाभ वस्तुरूपाने दिला तर देणाऱ्याने १० टक्के कर कापून भरण्याची तरतूद आहे. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरला जात नाही, ठेवून घेतली तर धरला जातो. म्हणजे २४ हजारांचा वीडर तुमच्या पॅनवर नोंदला जाणार आणि तुमच्या उत्पन्नातही मिळवावा लागणार. सरकारी नोंदीत जो लाभ दिसणार, तोच प्रेक्षकांपासून लपवायला कंपनी सांगते आहे, हे त्यांनाच विचारून पाहा. कमिशनवरची कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांपर्यंत ती होत नाही. पॅन दिला नसेल तर मात्र २० टक्के जातात. कपात होवो न होवो, उत्पन्न विवरणपत्रात दाखवावेच लागते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, ती चिंता तूर्त सोडून द्या.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला काल कळवले, की वीडर पंधरा दिवस वापरून परत करीन आणि तो परीक्षणासाठी त्यांच्याकडून आला होता हे सांगीन. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. जुन्यांपैकी अकरा व्हिडिओंच्या वर्णनात पहिली ओळ मराठीत लिहून झाली. पण आतला आवाज आता बदलता येत नाही, तर तिथे काय करावे?

मोंढानाका

पुन्हा चित्रीकरण करत बसू नका. वर्णनाची पहिली ओळ बदला, सशुल्क प्रचाराची खूण करा आणि तेच वाक्य स्वतःच्या अभिप्रायात लिहून सर्वांत वर डकवून ठेवा. ज्या व्हिडिओंत किंमत बोलून गेला आहात किंवा वस्तू न वापरता शिफारस केली आहे, त्यांतल्या लिंक सरळ काढून टाका. आणि त्या दादांच्या प्रश्नाखाली तुमचे पहिले उत्तर अजून तसेच असेल, ते आधी दुरुस्त करा.