अळ्या घामेजतात त्या झाकणामुळे

मासे पकडायला गळाला लावायच्या माशीच्या अळ्या टिकवायला डबा घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, असं सांगतात; हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. 2 ते 4 अंश तापमान हवंच, पण हवाबंद डब्यात अळ्यांना घाम सुटतो, अमोनियाचा उग्र वास येतो आणि त्या पटापट मरतात. झाकणाला बारीक भोकं पाडा, थर 3-4 सेंटीमीटरपेक्षा जाड नको. एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) अळ्यांना तीन पाइंटांचा डबा धरावा. इंग्लंडमध्ये दुकानातून आणल्या की आधी त्यांच्यासोबत आलेला लाकडाचा भुसा चाळून काढतात आणि कोरडं मक्याचं पीठ घालतात. ते ओल शोषतं. डबा आतून ओला झाला की अळ्या गुळगुळीत भिंतही सहज चढतात, म्हणून कडा पुसत राहा. वास फारच असेल तर पिठात चमचाभर हळद घाला. तिकडचे गळवालेही घालतात.

आणखी एक लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे अळीवरचा काळा ठिपका. अळीच्या पातळ कातडीतून पोटातलं अन्न दिसतं, तोच तो. ठिपका ठसठशीत असेल तर अळी ताजी. तो पुसट झाला की ती कोषात जायच्या बेतात आहे, मग थंडावा फक्त वेळ लांबवतो. दर दोन दिवसांनी 3 मिलीमीटरच्या चाळणीवर पसरा: जिवंत अळ्या आपसूक खाली उतरतात, मेलेल्या आणि कोष वर राहतात. मेलेल्या लगेच फेका, एक कुजली की सगळा डबा नासतो. कोष मात्र टाकू नका. फिकट तांबूस असतील तोवर ते पाण्यात बुडतात आणि रोच माशाला फार आवडतात. गडद झाले की तरंगतात.