मदत हवी आहे: पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना गचका बसतो

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. यजमानांची नोकरी देवासला, ते सकाळीच निघतात. म्हणून मी गाडी शिकले, आणि गेला दीड महिना अण्णांना मीच नेते-आणते. गाडी १२०० सीसीची पेट्रोल, पाच गिअरची, सात वर्षं जुनी.

अडचण अशी की पहिला टाकून गाडी निघते, पण दुसऱ्यात घालताना दर वेळी गचका बसतो. अण्णा शेजारी बसतात. माझा हात गिअरकडे गेला की ते दारावरचं हँडल घट्ट धरतात. त्यांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर, डाव्या हातात आहे आणि येताना त्याच हाताला ताजी पट्टी असते. त्या हातावर जोर द्यायचा नाही, असं तिथल्या सिस्टरनी बजावलंय. मला मागच्यांचे हॉर्न चालतील, पण त्यांची ती आवळलेली मूठ बघवत नाही.

दुसरी अडचण शास्त्री ब्रिजची. गांधी हॉलकडून चढताना जाम लागला की गाडी मागे सरकते, मागे ऑटो अगदी चिकटून असतात. मग मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, धरून ठेवते. परवा जळका वास आला. एका मिस्त्रीला दाखवली, तो सरळ म्हणाला, क्लच प्लेट बदला. बदलू का? की चूक माझ्याच पायाची आहे?

एक सांगायला हवं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते. माझा पाय चुकला की ते तिकडून सांभाळून घ्यायचे. त्यामुळे क्लच नेमका कुठे धरतो हे मला कधी कळलंच नाही.

उत्तर

ताई, आधी प्लेटचं. रस्ता मोकळा असेल तेव्हा चौथ्यात ५० च्या वेगाला एकदम ॲक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय. दोन्ही बरोबर वाढले तर खर्चाची घाई करू नका. वास हाफ क्लचचाच. तेव्हा प्लेट अर्धवट दाबलेली असते, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, घासत राहते आणि तापते.

पुलावर गाडी क्लचने नाही, हँडब्रेकने धरायची. थांबलात की हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, डावा पाय मोकळा ठेवा. पुढची गाडी हलली की पहिला टाकून क्लच हळू वर आणा. इंजिनाचा आवाज जरा जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच रोखा, थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी बोटभरही मागे जात नाही.

आता गचका. पहिल्या गिअरचं प्रमाण, म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरी बाहेर पडायला इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात ते, छोट्या गाड्यांत साधारण साडेतीन असतं, दुसऱ्याचं दोनच्या जरा आत. म्हणजे पहिल्यात इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते १३५० च्या आसपास हवं. एवढी मोठी उडी पुढच्या गिअरांत नसते. तुम्ही क्लच पटकन सोडलात की चाकं आणि इंजिन एकमेकांना ओढतात, तोच गचका. म्हणून पहिल्यात गाडी ताणू नका, दहा-पंधराच्या वेगाला दुसरा घाला. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, क्लच तळापर्यंत दाबा, गिअर हलक्या हाताने खाली ओढा. क्लच वर येताना जिथे धरतो तिथे क्षणभर थांबा, मग पूर्ण सोडा, आणि रेस त्यानंतर. बहुतेकांची घाई त्या क्षणालाच होते.

ती जागा पायाला कळायला हवी. रविवारी सकाळी सहाला चिमणबागेजवळ मोकळ्या सपाट रस्त्यावर जा. ॲक्सिलरेटरला अजिबात हात... म्हणजे पाय लावू नका. टाच जमिनीला टेकवून नुसता क्लच सोडत गाडी हलवा, थांबवा, परत हलवा. वीस वेळा तरी. अण्णांना त्या दिवशी घरीच राहू द्या.

दुसरं उत्तर

वहिनी, वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो: पूल उतरून रीगलच्या सिग्नलला येताना बरेच जण आधी क्लच दाबतात आणि मग ब्रेक. तसं केलं की गाडी मोकळी सुटते आणि ब्रेक जोरात मारावा लागतो, बसलेला माणूस पुढे जातो. दुसऱ्यातच राहा, ब्रेक हलके लावत या, वेग दहाच्या खाली आला की मगच क्लच. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचत नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना रेस सोडली की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, दोघांचे मनापासून आभार. दोन रविवार सराव केला. दुसऱ्या रविवारी तो जड झालेला आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला. चौथ्या गिअरची परीक्षाही घेतली, प्लेट घसरत नाहीये, त्यामुळे बदललेली नाही. काल येताना पुलावर तीनदा थांबले, वास नाही, सरकणं नाही. रीगलपासून अण्णांचा हात मांडीवरच होता, राजवाड्याजवळ तर त्यांना डुलकी लागली.

आता एकच राहिलंय. आमच्या गल्लीत रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. हेही माझंच चुकतंय का?

उत्तर

गाडी पूर्ण थांबू द्या ताई, किंचितही पुढे सरकत असेल तर टाकू नका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारा भाग, नसतो. क्लच तळापर्यंत दाबून दोन सेकंद थांबा, मग टाका. तरी अडला तर एकदा पहिल्यात घालून परत रिव्हर्सला या. एवढं करूनही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नसेल. मिस्त्रीला केबल ॲडजस्ट करायला सांगा, प्लेट नाही.