मदत हवी आहे : बॉटनीच्या पदवीवर शेती-पर्यावरणाच्या क्षेत्रात शिरता येईल का? (सोलापूर)

डाळिंबाची_कळी :

नमस्कार मंडळी,

सोलापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय बॉटनी. गाव सांगोला तालुक्यात. घरची चार एकर जमीन, त्यातली अडीच एकर ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाची बाग. दोन वर्षांत मर रोगाने निम्म्याहून जास्त झाडं गेली. आधी एखादी फांदी पिवळी पडायची, आणि बघता बघता अख्खं झाड वाळायचं. अण्णांनी त्यातलं एक झाड बुडातून कापलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. साल धड होती, पण आत लाकडात काळपट डाग, शाई झिरपल्यासारखे. आदल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला खोडाचा छेद घेऊन झायलमची, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची, आकृती काढली होती, दहापैकी नऊ मार्क पडले होते. झायलम बंद पडलं की काय होतं, ते मात्र त्या ओंडक्यात कळलं. काम करायचं तर ह्यातच, हे तेव्हाच मनाने घेतलं.

आता अडचण. बारावीनंतर सीईटीत (प्रवेश परीक्षेत) मार्क कमी पडले, सरकारी कृषी महाविद्यालय हुकलं आणि खासगीची फी झेपणारी नव्हती. म्हणून बॉटनी. यंदा उन्हाळ्यात एका सल्ला केंद्राने ‘बॉटनीवरून थेट एमएस्सी अॅग्रीला प्रवेश करून देतो’ असं सांगून आठ हजार रुपये भरून घेतले. माहितीपत्रक हातात आलं तेव्हा दिसलं, मी पात्रतेतच बसत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. घरी अजून सांगितलेलं नाही.

अण्णा म्हणतात, ‘शेतीतून बाहेर पड म्हणून तुला शिकवलं, आणि तू परत शेतीतच कशाला चाललीस?’ त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. बाग जाताना त्यांनी रोज बघितलीय. त्यांना सांगायला माझ्याकडे काहीतरी ठोस हवं आहे. माझ्या पदवीवर कुठले रस्ते खरोखर उघडे आहेत आणि कुठले बंद? शक्यतो सोलापुरात राहून काय करता येईल? आणि बहीण यंदा बारावीला आहे, तिलाही शेतीकडेच जायचंय. तिने माझ्यासारखं चुकू नये म्हणून काय करावं?

मोठं लिहिलंय, माफ करा.

बांधावरचा_माणूस :

पोरी, मी कृषी खात्यात मंडळ पातळीवर नोकरी केली, आता निवृत्त आहे. आधी बंद दारं सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी पैसे मागितले तर तुला ओळखू येईल.

एमपीएससीतून होणारी कृषी सेवेची पदं, तालुका कृषी अधिकारी वगैरे, कृषी किंवा संलग्न पदवीवाल्यांसाठी. बँकांत आयबीपीएसच्या भरती परीक्षेतून कृषी क्षेत्र अधिकारी घेतात, तिथे कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ह्या चारही कृषी विद्यापीठांत एमएस्सीच्या बहुतेक शाखांना तीच अट आहे. इथे दलाल काहीही करू शकत नाही. आठ हजार गेले, ते अण्णांना आजच सांग. लपवलेली गोष्ट महिन्याने जड होते.

आता उघडी दारं. वनसेवा. एमपीएससीच्या वनसेवेतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होतात, त्याला बॉटनी चालते. भारतीय वनसेवेलाही बॉटनी चालते. २०१३ पासून तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेबरोबरच होते. नाबार्डच्या ग्रेड ए भरतीत सर्वसाधारण शाखेला कुठलीही पदवी चालते, गुणांची अट तेवढी जाहिरातीत बघ, आणि तिच्या अभ्यासक्रमात शेती आणि ग्रामविकास असतोच. आणि गावात राहून काही करायचं असेल तर कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला बॉटनीची बीएस्सी चालते. काही वर्षांपूर्वी नियम बदलला तेव्हापासून शिक्षणाची अट आली. आपल्या भागात औषधाच्या दुकानात बसलेल्या माणसाला रोग ओळखता येत नाही ह्याचा किती तोटा होतो, ते मी तीस वर्षं बघितलंय. जाणकार पोरगी काउंटरला बसली तर शेतकरी लांबून येतील.

पेट्रीडिश :

ताई, तुझा ओंडक्याचा परिच्छेद दोनदा वाचला. तो काळपट डाग बहुतेक सेरॅटोसिस्टिस बुरशीचा. मुळातून शिरते आणि झायलम बुजवते. सूत्रकृमीने (मातीतल्या अगदी बारीक किड्याने) मुळांवर केलेल्या गाठी, खोडाला भोकं पाडणारे भुंगेरे, ह्यांच्या जखमांतून तिला वाट मिळते. म्हणजे हा एकाच वेळी बॉटनीचा, कीटकशास्त्राचा आणि मातीचा प्रश्न आहे. ज्याला तुझी ‘चुकलेली’ पदवी म्हणतेस, ती इथे कामाची आहे.

मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी. कृषी पदवी नाही, तरी चार वर्षं डाळिंबावरच काम करतोय. तुला बहुतेक माहीत असेल, पण सोलापूरकरांनाच माहीत नसतं म्हणून लिहितो. देशाचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे, २००५ पासून. ‘सोलापूर लाल’ हा जास्त लोह-जस्ताचा वाण तिथलाच. अशा केंद्रांत कायम शास्त्रज्ञाची जागा मिळवायची तर कृषी परीक्षांची मोठी शिडी आहे, ती वेगळी. पण प्रकल्पांवर यंग प्रोफेशनल, प्रकल्प सहायक, संशोधन फेलो अशा कंत्राटी जागा निघतात आणि थेट मुलाखतीला बोलावतात. अनेक जाहिरातींत पात्रतेच्या रकान्यात बॉटनी, मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक असतं. जागा वर्षभराची, कधी वाढते, कधी प्रकल्पाबरोबर संपते. हे अण्णांना आधीच सांग. ती सरकारी नोकरी नाही.

माझा सल्ला असा. एमएस्सी बॉटनी कर, पण वनस्पती रोगशास्त्र हा विशेष विषय जिथे मिळतो तिथेच. प्रवेशाआधी अभ्यासक्रम उतरवून घे आणि शेवटच्या सत्रांचे पेपर वाच. एमएस्सीचा लघुप्रबंध संशोधन केंद्रात करता येईल का, हे पहिल्याच वर्षी विभागात विचार. पत्रं फिरायला वेळ लागतो, शेवटच्या सत्रात विचारून हाती काही येत नाही. त्यानंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. तिच्यात जेआरएफ मिळाली की पीएचडीला फेलोशिप मिळते आणि मग ‘तू कृषीची नाहीस’ असं फारसं कुणी विचारत नाही.

नोकरी लगेच हवी असेल तर टिश्यू कल्चर. डाळिंब, केळी, दोन्हीची रोपं आता प्रयोगशाळेतून येतात, आणि लॅमिनार फ्लोसमोर (निर्जंतुक हवेच्या टेबलासमोर) तासन्‌तास न कंटाळता बसणाऱ्या हातांची कायम गरज असते. सुरुवातीचा पगार फार नाही. पण गुटी कलमातून तेल्या रोग एका बागेतून दुसरीकडे कसा जातो हे तू बघितलं असशीलच. निरोगी रोप तयार करणं हे औषध फवारण्याच्या कितीतरी आधीचं काम आहे.

हो, एक विसरलो. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष ऑनर्सचं करता येतं, आणि चौथं केलं तर एमएस्सी एका वर्षाची. तुझी बॅच त्यात बसते का आणि कॉलेजात चौथं वर्ष आहे का, ऑफिसात विचारून घे.

एक_कृषीवाला :

मी वेगळं बोलतो. वय काय तुझं, वीस-एकवीस? परत सीईटी दे आणि बीएस्सी अॅग्री कर. चार वर्षं जातील, पण सगळी दारं एकदम उघडतील. शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव असतो, शेतकऱ्याच्या बांधावर शिकायला मिळतं. माझ्या वर्गात दोघी अशा होत्या.

पेट्रीडिश :

कृषीवाले दादा, पटत नाही. पंचविसाव्या वर्षी ती पदवीधरच असेल आणि घर चालवायला बाग राहिलेली नाही. एमपीएससीचीच पोस्ट डोळ्यांसमोर असेल तर गोष्ट वेगळी. तिला रोगावर काम करायचंय.

माळरान_वाचा :

पर्यावरणाच्या बाजूने कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मी.

आपल्या विद्यापीठात, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात, पर्यावरणशास्त्राची एमएस्सी आहे. विद्यापीठही केगावातच, म्हणजे डाळिंब केंद्राच्या जवळच. बॉटनीवाल्यांना हा विषय परका नाही. ह्या जिल्ह्यात अभ्यासाला काय कमी आहे? नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. आता माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय, पण तिथलं गवत शिल्लक आहे, लांडगे आहेत, काळवीट आहेत. गवत ओळखणारी माणसं फार थोडी. पक्ष्यांचे फोटो काढणारे शंभर मिळतील, पवना आणि कुसळी ह्या गवतांतला फरक सांगणारे पाचसुद्धा नाहीत. तू बॉटनीची आहेस, तुला ते जमेल. उजनी धरणाचं पाणी बघ, भीमेतून काय काय वाहून येतं ते बघ. त्या पाण्यावर ऊस आणि डाळिंब उभं आहे, तेव्हा पाणी तपासणं हे शेतीचंच काम झालं.

परीक्षा म्हणशील तर गेट ह्या राष्ट्रीय परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही गेट देता येते. वन्यजीवांची ओढ असेल तर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची एमएस्सी, पण जागा अगदी मोजक्या.

आणि एक फुकटातली गोष्ट. देहरादूनचीच इस्रोची सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते, प्रमाणपत्रही देते. उपग्रहाच्या चित्रावरून पीक आणि पाणी ओळखणं शिक. पीक विमा, पाणलोट, भूजल, सगळीकडे आता नकाशे लागतात. मला पहिलं काम मिळालं ते पदवीवर नाही, नकाशा करता येतो म्हणून मिळालं.

डाळिंबाची_कळी :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अण्णांना आठ हजारांचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मी बुरशीनाशकाच्या नावाखाली ह्याच्या तिप्पट पैसे झाडांच्या मुळांशी ओतलेत, कुणी सांगायला नव्हतं.’ मग पेट्रीडिशदादांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. सूत्रकृमीपाशी त्यांनी थांबवलं, म्हणाले, मुळावर गाठी होत्या, आपल्याला वाटलं पाणी जास्त झालं.

एमएस्सी करायची हे आता पक्कं. बॉटनी की पर्यावरण, तेवढं ठरायचंय. माळरानदादा, गवताचं लिहिलंत त्याने मी जरा डळमळले, खोटं बोलत नाही. पण जीव डाळिंबातच आहे.

बहिणीचं कुणी सांगेल का?

बांधावरचा_माणूस :

बहिणीला सांग, आत्तापासून एमएचटी-सीईटीचा अभ्यास कर आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच जा. थेट प्रवेशाच्या भानगडीत पडू नका. २०२४ च्या जुलैत शासन निर्णय निघालाय. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. तू ज्या फीपायी कृषी सोडलंस, ती फी कदाचित तिला भरावीच लागणार नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जे लागू असेल ते दिवाळीच्या आत काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. राहण्या-जेवणासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

डाळिंबाची_कळी :

काका, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच आईला दाखल्यांचं सांगते.

पेट्रीडिशदादा, सोमवारी केगावला जायचं ठरवलंय, अण्णाही येणार आहेत. उरलेल्या झाडांपैकी एकाची फांदी परवापासून पिवळी पडतेय. त्याचा नमुना न्यावा म्हणते. कसा न्यायचा? नुसती पानं चालतील?

पेट्रीडिश :

नुसत्या पानांवरून मर सांगता येत नाही. झाड अर्धवट वाळत असतानाचाच नमुना हवा, पूर्ण मेलेल्या झाडावर भलत्याच बुरशी चढलेल्या असतात. बुडाजवळचा डाग दिसणारा लाकडाचा तुकडा, बारीक पांढरी मुळं आणि मुळाजवळची पावशेर-अर्धा किलो माती. लाकूड आणि मुळं वर्तमानपत्रात गुंडाळा. बंद प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो आणि नमुना कुजतो. माती मात्र पिशवीत, वाळू देऊ नका, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, नाहीतर सूत्रकृमी मरतात. पिशवीवर तारीख, बागेचं वय आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पुसते. कुदळ आणि करवत दुसऱ्या झाडाला लावण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्या.

रविवारी संध्याकाळी काढा, सकाळी लवकर निघा.